डाक प्रोग्रामाच्या रेघांची हकीकत

श्री अक्षरदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, भाद्रपद मासी एका राज्यात ईमेल धाडणाऱ्या डाक नामे प्रोग्रामास नवी हुकूमरीत नेमण्याचा प्रसंग पडला, तो जैसा घडला तैसा लिहिला आहे.

राज्याचे डाकनवीस बाळोबा चिटणीस यांणी हा प्रोग्राम रचिला होता. त्यास बटणे नाहीत, चित्रे नाहीत; काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावी आणि डाक चालती व्हावी. बाळोबांची रीत एकच, की ज्या शब्दाआधी आडवी रेघ तो हुकूम, आणि शेवटी रेघेवाचून जे लिहिले ते माणूस, म्हणजे ज्यास डाक जावी तो. आषाढात ते कैलासवासी जाहले आणि काम त्यांची कन्या वेणूबाई यांजकडे आले. बाईंनी तेरावा उरकून की-बोर्ड हाती घेतला, आणि बाबांच्या हातच्या ओळी पडद्यावर आल्या की नजर दुसरीकडे न्यावी, ऐसे चालले.

मग कारभारी नरहरपंत बोलिले, "बाई, ही रीत ढिली आहे. परवा कोणी विषय लिहिला 'उद्या सभा', अवतरणचिन्हे विसरला, आणि प्रोग्राम 'उद्या' एवढाच विषय धरून सभा नामे गृहस्थ शोधीत बसला. माणसाआधीही खूण पाहिजे. दोन रेघा आणि प्रति." बाईंनी वाद घातला नाही. जुने समोर राहिले नाही तर आठवणही कमी येईल, ऐसे मनी आणिले, आणि बाबांची रीत खोडवेना म्हणून नुसती झाकून ठेविली, आणि नवी रीत चौक्याचौक्यांस रवाना केली.

मग थोडक्याच दिवसांत, भर दुपारी, धरणावरील चौकीदार रखमाजी पाटणे यांचा फोन आला. धरण भरले, दरवाजे उघडणे प्राप्त, आणि खालच्या तीन गावांस खबर गेल्यावाचून दरवाजास हात लावू नये हा राज्याचा दंडक. गावांची गुरे तर नदीच्या पात्रात चरत होती.

"ताईसाहेब, नेहमीसारखेच लिहिले. विषय, आणि शेवटी तिन्ही गावे. तो म्हणतो, कोणाला पाठवू?"

"काका, गावाआधी दोन रेघा द्या आणि प्रति लिहा."

"दिल्या. आता म्हणतो, दुसरे गाव कोण?"

"प्रत्येक गावाआधी द्यायच्या."

"तुमच्या वडिलांनी गावांना कधी रेघा मारायला लावल्या नाहीत." रखमाजी रागावले नव्हते; मागे पाण्याचा घोष ऐकू येत होता. "बोटांना जुनेच येते, ताईसाहेब. पाणी धोक्याच्या खुणेला टेकले."

मग बाईंनी झाकलेली रीत उघडिली, आणि नजर न वळविता बाबांची ओळ न ओळ वाचिली, आणि तीच धरणाच्या चौकीवर चढविली, आणि म्हणाल्या, "काका, आता तुमच्या सवयीने लिहा." रखमाजींनी लिहिले. डाक गेली. तिन्ही गावांहून पोचल्याचे उत्तर आले, गुरे वर निघाली, आणि मग दरवाजे उघडिले. बाईंनी फोन खाली ठेविला आणि गार झालेला चहा, दोन महिन्यांत प्रथमच, चव घेऊन प्याल्या.

सायंकाळी नरहरपंत आले आणि उभ्यानेच बोलिले, "ते सभा नामे गृहस्थ?"

"अनोळखी नाव दिसले की प्रोग्राम आधी विचारील. ज्याला प्रति लिहायचे त्याने लिहावे, जबरदस्ती नाही."

"आणि कोणाचे नावच रेघेने सुरू झाले तर?"

"नावाआधी दोन रेघा नुसत्याच लिहायच्या, शब्द न जोडता, पंत. त्यांच्यापुढे जे येईल ते सारे माणूस. बाबांनी तेही योजून ठेवले आहे."

पंत हसले आणि बसले. "तरी म्हटले, बाळोबा मला सहजासहजी जिंकू देतील कसे. चहा आहे का?"

एवंच, हुकुमास रेघ लागते, माणसास लागत नाही. रीत बाळोबांची, कायम केली वेणूबाईंनी. तेव्हापासून बाई त्या ओळी रोज उघडतात. गुरे सुखरूप, डाक चालू. हकीकत पुरी जाहली.