व्हीसीआरच्या कपाळी टिकली

१९९५ सालच्या मे महिन्यात नोएडातल्या कानिटकरांच्या घरी व्हीसीआरला टिकली लावायची वेळ आली. ती टिकली जागेवर राहिली असती, तर दोन घरांचं कायमचं वाकडं झालं असतं.

मुरलीधर कानिटकर सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, सरोजिनीनगरचं क्वार्टर सोडून यमुनेपलीकडे स्वतःच्या फ्लॅटमध्ये आले आणि त्यांनी हौस करायचं ठरवलं. हौससुद्धा शिस्तीत. टीव्ही आणि व्हीसीआर त्यांनी एकाच कंपनीचे घेतले.

"एका कंपनीचे असले की जमवून घेतात," ते सुनेत्राबाईंना म्हणाले.

दोघांनी इतकं जमवून घेतलं, की एकाला हाक मारली की दोघेही ओ देत. टीव्हीचा आवाज वाढवावा तर व्हीसीआर घरघरायला लागे. व्हीसीआर थांबवावा तर टीव्ही झोपी जाई. मुरलीधररावांनी प्रयोग सुरू केले. रिमोटची प्लास्टिकची पिशवी मात्र त्यांनी काढली नाही, कारण ती काढली की रिमोट जुना झाला असता. सोफ्यावरून बटण दाबलं की दोन्ही यंत्रं ऐकतात आणि स्वयंपाकघराच्या दारातून तिरकं दाबलं की एकटा टीव्ही ऐकतो, असा शोध लागला. मग ते दारातच उभं राहून बातम्या बघायला लागले आणि सुनेत्राबाई त्यांच्या काखेखालून आमटीचं पातेलं बाहेर न्यायला लागल्या.

शेजारचे भाटियाजी एकदा हा प्रकार बघून म्हणाले, "भाईसाब, सिंपल बात है. जिसको नहीं सुनना, उसकी आँख बंद कर दो."

व्हीसीआरच्या तोंडावर काळपट काचेची एक बारीक खिडकी होती. रिमोटचं म्हणणं तो तिथून ऐकायचा. मुरलीधररावांनी तिच्यावर पोस्टाचं तिकीट चिकटवलं, पण ते वाकडं दिसायला लागलं. मग त्यांची नजर बायकोच्या कपाळावर स्थिरावली. बऱ्याच वर्षांनी स्थिरावल्यामुळे सुनेत्राबाई जरा लाजल्या.

"तुझी ती मोठी लाल टिकली दे ना एक."

"कशाला?"

"व्हीसीआरला."

टिकली लागली आणि व्हीसीआर बहिरा झाला. मुरलीधररावांनी ही युक्ती साऱ्या सोसायटीला सांगितली, भाटियाजींचं नाव तेवढं गाळून. व्हीसीआर लावायचा असला की टिकली काढून कपाटाच्या आरशाला चिकटवायची, काम झालं की पुन्हा त्याच्या कपाळी. घरात एक सवाष्ण वाढल्यासारखंच झालं.

त्या व्हीसीआरची खरी गरज एका कॅसेटपुरती होती. फेब्रुवारीत लेकीचं, मृणालचं, लग्न झालं, ती पुण्याला गेली आणि तिच्या सासूबाईंची, अलकनंदाबाईंची, तक्रार उलट टपाली आली. विहिणीच्या पंगतीला मुलीच्या आईनं मुलाच्या आईला हात धरून पाटावर नेऊन बसवायचं असतं. "मला कुण्णी हात धरून नेलं नाही, माझी मीच जाऊन बसले," असं त्या भिशीत सांगत, भाजीवालीला सांगत आणि रोज मृणालला सांगत.

"आई, आमटीत मीठ कमी पडलं तरी पंगत निघते गं!" मृणाल फोनवर रडकुंडीला यायची.

"धरला होता मी हात! कॅसेटमध्ये सगळं आहे. येऊ देत इकडे, दाखवतेच."

कॅसेटवर एवढा भरवसा, पण ती पंगतीपर्यंत कुणी बघितलीच नव्हती. मंगलाष्टकं संपली की सगळ्यांना झोप यायची. मुरलीधररावांनी ती बाहेरून मात्र नीट बघितली होती. मागच्या बाजूचा प्लास्टिकचा एक तुकडा उडालेला दिसला, तेव्हा "लोकांना काम म्हणून नीट करायला नको," असं म्हणत त्यांनी त्या भोकावर सेलोटेप लावून टाकली होती.

मे महिन्यात व्याही दीनानाथरावांना पानिपतच्या रणभूमीवरचा काला अंब बघायची इच्छा झाली. अलकनंदाबाईही निघाल्या. मुक्काम अर्थात नोएडाला.

ते यायच्या आदल्या दुपारी सुनेत्राबाईंनी टिकली आरशाला लावली आणि कॅसेट पंगतीपर्यंत पुढे नेली. पडद्यावर त्या स्वतःच होत्या. जांभळ्या शालूतल्या एका बाईचा हात धरून मोठ्या थाटात चालल्या होत्या. बाईंनी मान वळवली.

ती अलकनंदाबाईंची जाऊ होती. दोघी जावांनी एकाच दुकानातून एकसारखे शालू घेतले होते. खऱ्या विहीणबाई मागून पर्स सांभाळत एकट्या आल्या आणि कडेच्या पाटावर बसल्या.

सुनेत्राबाईंनी पुन्हा बघितलं. चेहरा काही बदलेना. आणखी एकदा बघायला त्यांनी कॅसेट मागे नेली, पण धीर झाला नाही. मशीन तिथंच थांबवून त्यांनी टिकली दाबून बसवली. कुलरच्या ओल्या हवेनं तिचा गोंद जवळजवळ गेला होता. आता मृणालला ही पंगत जन्मभर पुरणार होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे आले. मुरलीधररावांनी व्याह्यांना सोफ्यावर बसवून टीव्ही लावला. "बघा, उठायचं कामच नाही!" म्हणत त्यांनी आवाज वाढवला. शेतीचा कार्यक्रम चालू होता. सुनेत्राबाईंनी चहा आणता आणता चष्म्याशिवायच व्हीसीआरकडे बघितलं. लाल ठिपका जागेवर दिसला. निदान तेवढं तरी ठीक होतं.

चहा झाला आणि दीनानाथराव म्हणाले, "कॅसेट लावा हो. हिनं पंगत पंगत करून माझं डोकं खाल्लंय. होऊन जाऊ दे एकदा."

"अहो, दमून आलेत ते. उद्या बघू," सुनेत्राबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"हो ना, माझंही डोकं दुखतंय," अलकनंदाबाईही म्हणाल्या. 'बघा, कसा आव आणते आहे,' सुनेत्राबाईंना वाटलं.

"छे, छे! आत्ताच!" मुरलीधरराव उठले. "आमच्या हिचंही होऊन जाऊ दे."

नोएडात तेव्हा रोज संध्याकाळी न चुकता लाइट जायची. सुनेत्राबाईंनी मनातल्या मनात तिला हात जोडले. त्या दिवशी ती गेली नाही.

व्हीसीआर आधीच कसा चालू आहे, याचं मुरलीधररावांना नवल वाटलं. त्यांनी तो थांबवला, पंगतीपर्यंत मागे नेला आणि चालू केला. पंगत मांडलेली दिसली. रांगोळ्या दिसल्या. उदबत्त्या दिसल्या. जांभळ्या शालूचा काठ दारातून आत आला. दोन्ही विहिणींनी श्वास रोखला.

आणि पडद्यावर म्हैस आली.

चांगली धष्टपुष्ट, शांतपणे रवंथ करणारी. "दुधारू पशु को दिन में भरपेट हरा चारा दें," कुणीतरी प्रेमानं सांगत होतं, "और उसे सहलाते रहें."

मग दीनानाथरावांच्या पोटातून काहीतरी उकळत वर आलं आणि ते सोफ्यावर आडवे होऊन हसायला लागले. मुरलीधरराव रिमोट उलटासुलटा करून बघत होते. गळून पडलेली टिकली त्यांच्याच पायाच्या तळव्याला चिकटलेली सापडली. व्हीसीआरवर मघाशी दिसलेला लाल ठिपका रेकॉर्डिंगचा दिवा होता; टीव्हीचा आवाज वाढवला तेव्हाच त्यानं शेतीचा कार्यक्रम टेप करायला घेतला होता.

"वो टुकड़ा तो जानबूझ के तोड़ते हैं," भाटियाजींनी नंतर समजावलं, "ताकि ऊपर से कुछ टेप न हो. आपने सेलोटेप क्यों मारी, यार?"

अलकनंदाबाई मात्र हसल्या नाहीत. पदर सावरून म्हणाल्या, "पुरावा गेला हो तुमचा. असू दे. धरला म्हणता, तर धरला असेल हात."

पानं वाढून झाली, तेव्हा सुनेत्राबाई बाहेर आल्या, विहीणबाईंचं तोंड नीट निरखून बघितलं आणि त्यांचा हात धरून त्यांना डायनिंग टेबलाशी नेऊन बसवलं. चालणं पाचच पावलांचं होतं, पण दोघींनी ते सावकाश केलं.

पुढे मृणालच्या आमटीत मीठ कमी पडलं, तर ते मीठच राहिलं. दीनानाथराव काला अंब बघून आले, पण पुण्यात आयुष्यभर सांगितली ती म्हैस. भाटियाजी गाझियाबादला गेले. मुरलीधरराव शेवटपर्यंत पिशवीतलाच रिमोट वापरत राहिले. कॅसेटची सीडी करायच्या वेळी दुकानदारानं विचारलं, "भैंस रखनी है?" मृणाल म्हणाली, "बिल्कुल."

आणि बऱ्याच वर्षांनी, नातवाच्या मुंजीत, अलकनंदाबाई सुनेत्राबाईंच्या कानाशी लागल्या. "तुम्ही हात धरलात तो माझ्या जावेचा. मी मागेच होते ना."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"म्हणजे विहीण म्हणून तीच शोभते, असं मीच सांगत फिरू? त्या दिवशी म्हैस आली आणि माझा जीव भांड्यात पडला."

"माझाही," सुनेत्राबाई म्हणाल्या.

मग मुंजीच्या पंगतीला त्या जाऊबाईंना दोघींनी मिळून, दोन्हीकडून हात धरून, पार शेवटच्या पाटावर नेऊन बसवलं.