शनी पाहायला आलेली खवल्या मावशी

मुलांनो, नकाशात न सापडणाऱ्या एका जंगलात एक जुनं विमान पडून होतं. ते कुणाचं, कधी पडलं, कुणालाच माहीत नव्हतं. जंगलाने त्याभोवती कुंपण घातलं आणि पाटी लावली : ‘विमान संग्रहालय’.

संग्रहालयाचे प्रमुख होते तुरेराव रानकोंबडे. ते स्वतः फार तर कुंपणापर्यंत उडत, पण उड्डाणावर दोन तास बोलत.

एकदा त्यांनी जाहीर केलं, “शुक्रवारी संध्याकाळी सर्वांसाठी आकाशदर्शन! दुर्बिणीतून शनी दाखवण्यात येईल.” दुर्बीण पिंगळाबाईंची होती. त्या घुबडांच्या नात्यातल्या. आकाशातलं त्यांना सगळं कळे, पण माणसांसारखं गोड बोलणं जमत नसे.

हे ऐकून खवल्या मावशी तीन दिवस चालत आली. अंगभर खवले असलेलं हे खवलेमांजर जन्मभर मान खाली घालून मुंग्या खात आलं होतं. आता मावशीची नजर मंदावत चालली होती. पूर्ण अंधार होण्याआधी एकदा वर बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

“साडेआठला शनी डोंगरामागे जाईल,” पिंगळाबाई म्हणाल्या. “सातला सुरू करू.”

प्रमुख पाहुणे गवासाहेब साडेसातला आले. मग स्वागत झालं, सत्कार झाला, भाषण झालं. विमानाच्या पंखांवर हजार काजवे लखलखत बसवले होते.

“तुरेराव, दिवे घालवा. तारे दिसत नाहीत,” पिंगळाबाई कुजबुजल्या.

“आणि साहेब कसे दिसतील?” तुरेराव म्हणाले.

अखेर गवासाहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला. तेवढ्यात एक दमलेला काजवा पुढच्या काचेवर येऊन टेकला.

“हिरवा!” साहेब ओरडले. “लुकलुकतोय! असा तारा कुणी पाहिलाय का?”

“नवा तारा!” तुरेराव आरवले. “आजपासून याचं नाव गवातारा!”

टाळ्या पडल्या. हरणाने पाहिलं, सशाने पाहिलं, माकडाने तर दोनदा पाहिलं. सगळ्यांना गवातारा दिसला. माकडाला त्यात साहेबांची शिंगंही दिसली. पिंगळाबाई काही बोलायला गेल्या, की तुरेराव पुन्हा टाळ्या सुरू करत.

मावशीचा नंबर आला. तिने बराच वेळ पाहिलं.

“बाई, याला पाय आहेत,” ती म्हणाली. “सहा.”



“म्हातारे, तुला ताऱ्यांतलं काय कळतं?” तुरेराव खेकसले.

“ताऱ्यांतलं नाही कळत हो. पण किडे मी जन्मभर पाहिलेत. हा काजवा आहे.”

गवासाहेबांनी जोरात फुत्कार टाकला आणि ते निघाले. मागोमाग तुरेराव धावले, सशा-हरणांसकट सगळी गर्दी गेली. साहेबांच्या वाटेवर उजेड हवा म्हणून काजवेही गेले.

संग्रहालयाच्या माळावर गच्च काळोख पडला. वर एकदम इतके तारे आले, की मावशीने घाबरून अंग चोरलं.

“घाबरू नका. लवकर या,” पिंगळाबाईंनी दुर्बीण घाईघाईने वळवली. शनी डोंगराला टेकायलाच आला होता.

मावशीने डोळा लावला.

“अगं बाई! याने तर कडं घातलंय!”

“हो,” पिंगळाबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला होता.

शनी डोंगरामागे गेला, तरी मावशी कितीतरी वेळ तिथेच डोळा लावून उभी होती.

तात्पर्य : आकाशदर्शन नीट व्हावं असं वाटत असेल, तर प्रमुख पाहुण्यांना वेळेवर रुसवावं.