कचऱ्याच्या टोपलीशेजारची सुपारी

हौसाताई भोइट्यांच्या कॉम्प्युटरमधलं नेटवर्क मानपानावरून रुसलं आणि पार आतल्या खोलीत जाऊन बसलं. रुसलेलं माणूस असो की नेटवर्क, समजूत काढायला घरच्या बाईलाच जावं लागतं. हौसाताई गेल्या. सेटिंगचं दार उघडलं, त्याच्या आत दुसरं, त्याच्याही आत आणखी एक. शेवटच्या दाराआड नेटवर्क भिंतीकडं तोंड करून बसलेलं.

"उठा," हौसाताई म्हणाल्या. "आक्का वाट बघत असंल."

आक्का म्हणजे त्यांची आई, मिरजेला भावाकडं असते. म्हातारीची आठवण पाझरत चाललेली. रोज दुपारी स्क्रीनवर तोंड दिसलं तर लेक, नाहीतर परकी. काल नेटवर्क उठलं नव्हतं. आजही उठलं नाही तर आक्का "कोण बाई तुम्ही?" म्हणणार, हे ठरलेलं. मागं एकदा म्हणाली होती. त्या दिवशी हौसाताई जेवल्या नव्हत्या.

"स्क्रीनवर आल्यागेल्याला आधी कोण दिसतं?" नेटवर्क म्हणालं. "कचऱ्याची टोपली. तिला पहिली जागा. सगळा कारभार माझ्यावर चालतो, आणि मला हाक मारायची तर दारामागून दारं."

जाऊबाई शेवंता मागून वाकून ऐकत होत्या. "खरं हाय त्याचं. तुमच्या लग्नात मला बी कोठीतच बसवलेलं."

"तुमचं मागनं काढा," हौसाताई म्हणाल्या आणि नेटवर्ककडं वळल्या. "मग चला की पुढं."

"मी पुढं येऊन बसल्यावर इथलं काम कोण बघणार? जागा सोडता येत नाही."

हेही खरंच होतं. हौसाताईंनी पदर खोचला. घरधनी परगावी असला म्हणून पूजा अडते का? त्याच्या जागी सुपारी मांडतात, आणि ती सुपारी म्हणजे तोच.

"तुमच्या नावाची सुपारी मांडते पुढं. तिला हात लावला की तुम्हाला लावला. चालंल?"

नेटवर्कनं विचार केला. "नियमात बसतं. पण रीत अशी, की इथं आत मांडता येत नाही. बाहेर मांडायची का, असं मला विचारावं लागेल, आणि तुम्ही हो म्हणायचं."

"मग विचारा."

"बाहेर मांडायची का?"

"हो."

हौसाताईंनी बांगड्या वर सारल्या, काचेतून कोपरापर्यंत हात घातला आणि टोपलीशेजारी सुपारी मांडली. टोपली न कुरकुरता सरकून बसली.

"माणसांपेक्षा शहाणी," शेवंता म्हणाल्या.

हौसाताईंनी सुपारीला हळदकुंकू लावलं, बोट टेकवलं. मधलं एकही दार लागलं नाही. समोर आक्का आली. बघत राहिली.

"हौसे, काल कुठं उलथली होतीस?"

हौसाताईंनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

"आणि ते पुढं कोण बसलंय?"

"आपलं नेटवर्क, आक्का."

"लेकीला घेऊन आलंय. त्याला रिकामं लावून देऊ नको, टॉवेल-टोपी दे."

हौसाताईंनी ट्रंकेतून कोरी टोपी आणि टॉवेल काढला आणि सुपारीपुढं ठेवून हात जोडले. आत नेटवर्कला टोपी जरा सैल झाली, पण त्यानं ती काढली नाही.