चहानेच चहाचा डाग

"चहा पडद्यापासून लांब ठेवा," एवढंच सांगून बायको बाहेर पडली, आणि मास्तरांनी तो लांब ठेवलाही होता. पण मग त्यांना वाटलं, पडद्यासमोर उभं राहून उद्याचं भाषण एकदा म्हणून बघावं. आणि भाषण म्हटलं की घसा ओला हवा. झालं! एवढ्याशा विचाराने घरात पुढचं सगळं रामायण घडलं.

हे मास्तर शाळेत मुलांना इंटरनेटवर नीट शोधायला शिकवायचे. कशावर विश्वास ठेवावा, कशावर ठेवू नये, कुठे बोट लावावं, कुठून पळावं, सगळं. उद्या पालकांसमोर त्यांचा तास होता. त्यात चित्रं दाखवायला लागणारा भलामोठा पांढरा पडदा शिवायचं काम त्यांच्या बायकोला मिळालं होतं. शिलाई शिकून तिला मिळालेलं हे पहिलंच मोठं काम. पडदा नीट झाला तर शाळेच्या सगळ्या खिडक्यांचे पडदेही तिच्याचकडे, असं शाळेच्या मोठ्या बाईंनी कबूल केलं होतं. तो पडदा इस्त्री होऊन जेवणाच्या टेबलावर पसरला होता, आणि बायको त्याच्या कड्या आणायला बाजारात गेली होती.

"पालकहो!" म्हणत मास्तरांनी हात पसरले. हात कपाला लागला आणि कपाने पडद्यावर लोटांगण घातलं.

बशीएवढा डाग! दुसरा कोणी असता तर बायकोला फोन करून शिव्या खाऊन मोकळा झाला असता. पण मास्तर पडले शिकलेले. त्यांनी फोन उचलला तो शोधायला.

आधी नुसतं "डाग" घातलं. चंद्र आला, बिबट्या आला. "नेमके शब्द घाला रे मुलांनो," असं स्वतःलाच दटावून त्यांनी घातलं, "पांढऱ्या कापडावर चहाचा डाग बायको यायच्या आत". तर संसार टिकवण्याचे उपाय आले. (फोनलासुद्धा कळलं होतं, पाणी कुठवर जाणार ते.)

मग त्यांना आपलाच धडा आठवला. भरवशाच्या जागी शोधावं. भरवशाची जागा म्हणजे आपल्या शाळेची वेबसाइट! तिथे शोधलं आणि देव पावला. लिहिलं होतं, "चहाचा डाग चहानेच जातो. काट्याने काटा काढतात, तसंच हे. ताजा कडक चहा मुरलेल्या चहाला ओढून घेतो." खाली नाव, "एक ज्येष्ठ वस्त्रसंशोधक".

मास्तर काही आंधळेपणाने विश्वास ठेवणारे नव्हेत. सांगतो कोण? संशोधक. दुसरीकडे कुठे तेच सांगितलंय का? बघितलं, तर दुसऱ्या एका पानावर अगदी शब्दाला शब्द तेच! लिखाण जुनं आहे का? छे, याच वर्षीचं. सगळ्या परीक्षांत पास. मास्तरांनी किटली चढवली.

पहिला कप ओतला तर डाग ताटाएवढा झाला. त्यांनी घाबरून पान बघितलं. त्यात होतं, "सुरुवातीला डाग वाढल्यासारखा वाटेल. घाबरू नये. चहा कमी पडला असं समजावं."

"बघा, किती बारीक विचार केलाय माणसाने!" म्हणत मास्तरांनी उरलेली किटली रिकामी केली आणि दुसरी चढवली.

तेवढ्यात लेक खेळून आली. ती मास्तरांच्याच वर्गात होती.

"बाबा, पडद्याला आंघोळ का घालताय?"

"शास्त्रीय उपाय चाललाय. मध्ये बोलू नको. हे वाच."

तिने वाचलं. मग बाबांकडे बघितलं. मग परत वाचलं.

"बाबा, हे माझं पान आहे."

"तुझं कसं? संशोधकाचं आहे!"

"तुम्हीच गृहपाठ दिला होता ना, खरं वाटेल असं खोटं पान बनवा म्हणून? ते मग सगळ्यांनी ओळखायला साइटवर चढवलं."

"मग हे दुसरं पान?"

"ते माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं. तिने माझंच उतरवलं. दोघींनाही तुम्ही 'उत्कृष्ट' दिलंय."

"मी? मी वाचलं असतं तर आठवलं नसतं का?"

"तुम्ही कुठे वाचलंत? तेव्हा तुम्ही मॅच बघत होता." लेकीने बोटाने पान पार खाली सरकवलं. तिथे ठळक अक्षरांत होतं, 'हे पान खोटं आहे. घरी करून बघू नये.' "हे लिहायचंच, असंही तुम्हीच सांगितलं होतं. आणि पान शेवटपर्यंत वाचायचं, हेसुद्धा."

मास्तरांनी घाईघाईने गॅसवरची किटली उतरवली. आणि दार वाजलं.

बायको कड्यांची पिशवी घेऊन दारातच थांबली. "अहो, हे काय?"

"डाग काढत होतो."

"कुठंय डाग?"

मास्तरांनी पडदा नीट न्याहाळला. "आता तसा वेगळा दिसत नाही."

तिने पिशवी खाली ठेवली. ओठ थरथरले. आता रडते की काय, म्हणून मास्तर पुढे झाले, "माझं चुकलं गं, मी मोठ्या बाईंना सांगतो, सगळा दोष..." तर ती खुदकन हसली. डोळे भरलेले आणि हसू थांबेना.

"तहान लागल्यावर विहीर खणायची सवय काही जायची नाही तुमची! चला, घरातली सगळी चहापूड काढा. अर्धवट वाळला की नकाशा दिसेल मेला. आता पुरता बुडवायचा."

मोठी बादली आली. तिघांनी मिळून पडदा चहात बुडवला, ढवळला, पिळला. "नीट पिळा," ती म्हणाली, "मुलांना पिळता तसा." लेक हसून हसून बादलीत पडायची बाकी होती. सकाळपर्यंत पडदा बदामी झाला, सगळीकडे एकसारखा.

शाळेत मोठ्या बाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "अगं बाई, किती शांत रंग! पांढऱ्याने डोळे दिपतात. खिडक्यांनाही हाच हवा." बायकोने मान खाली घालून होकार दिला. मास्तरांनी छाती फुगवली. (रंग त्यांचाच ना!)

तेवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले? त्यांनी घरी येऊन एक खरं पान लिहिलं, 'चहाने कापड कसं रंगवावं', खाली स्वतःचं नाव घातलं आणि वर्गाला तपासायला दिलं. मुलांनी शेवटपर्यंत वाचलं, आपसांत खलबत केलं, आणि लेकीने उभं राहून निकाल वाचला.

"पान खोटं आहे. लिहिणाऱ्याला कापडातलं काहीही कळत नाही. याची आम्ही दुसरीकडेही खात्री करून घेतली."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

"आईकडे."