पंचवीस डिगरीचा समुद्र

"ठेवा की, त्यात काय," एवढंच मी म्हणालो होतो. (माझ्या आयुष्यातल्या सगळ्या भानगडींची सुरुवात याच वाक्यानं झालेली आहे. लग्नाचीसुद्धा बहुतेक.)

व्यंकट म्हणजे हिचा धाकटा भाऊ. रत्नागिरीला मासे खात्यात नोकरीला. म्हणजे खात्याचं नाव काहीतरी लांबलचक आहे, पण आमच्या तेरमध्ये सगळे 'मासे खातं' एवढंच म्हणतात. त्याला ट्रेनिंगसाठी कोचीनला जायचं होतं, आणि त्याच्या खोलीत काचेच्या पेटीत एक पोवळं होतं. पोवळं म्हटल्यावर मला अंगठीतलं आठवलं. हे निघालं जिवंत. मऊ, पिवळसर, हाताच्या बोटांसारखं, आणि प्रत्येक बोटावर बारीक फुलं उमललेली. ऑफिसातल्या लोकांवर त्याचा भरवसा नव्हता, माझ्यावर होता. (माणसं ओळखण्यात हे घराणं पहिल्यापासून कच्चं. नाहीतर मला मुलगी दिली नसती.)

पेटी एस.टी.च्या टपावर, समुद्राचं पाणी कॅनमध्ये आणि पोवळं मांडीवरच्या बादलीत, असा तो रत्नागिरीहून तेरला आला. सगळं खिडकीपाशी मांडलं, हवेचा पंप लावला. जाताना म्हणाला, "दाजी, तुमच्याकडं लॅक्टोमीटर आहेच. पाणी पंचवीसवर राहू द्या." मग हिच्याकडं वळून म्हणाला, "ताई, माझं लेकरू समज."

आता मी दूध सोसायटीचा सेक्रेटरी. रोज सकाळी गावाच्या दुधात लॅक्टोमीटर बुडवून डिगरी बघणं हे माझं काम. पंचवीस डिगरी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. पंचवीस म्हणजे पाणी घातलेलं दूध, कॅन परत. तीस म्हणजे अस्सल. त्यातून ते वर्ष दुष्काळाचं, तेरणेच्या पात्रात पोरं गोट्या खेळत होती. उन्हानं पेटीतलं पाणी आटत चाललं आणि लॅक्टोमीटर आपोआप सत्तावीस, अठ्ठावीस दाखवू लागला. मला बरं वाटलं. समुद्राची प्रत सुधारत होती. शेवटी दोन डिगऱ्या कमी पडत होत्या, त्या मी मूठभर मीठ टाकून पुऱ्या केल्या. सरकारी खात्यात पंचवीस चालत असेल, माझ्या घरात भेसळ चालणार नाही.

चार दिवसांत पोवळ्यानं फुलं मिटून घेतली. मग बोटं वाकली. मग ते जुन्या हातमोज्यासारखं आडवं झालं. मी खिडकीचा पडदा बदलला, उदबत्तीसुद्धा लावली. ही ताट वाढायची, पेटीसमोर जाऊन बसायची. व्यंकट तीन वर्षांचा असताना त्यांची आई गेली होती आणि हिनंच त्याला कडेवर वाढवला होता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बहिणीकडं काही सांभाळायला दिलं होतं आणि ते तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मला तिच्याकडं बघवेना.

मी पोस्टात जाऊन कोचीनला ट्रंक कॉल लावला. लाइन अशी खराब, की प्रत्येक वाक्य मला ओरडून परत म्हणावं लागत होतं.

"हॅलो! तीस आहे, तीस! काय? पाणी घालू? साधं पाणी? रोज थोडं थोडं, एकदम नको! बरं, पंचवीसवर आणतो! माझी चूक ताईला कळवू नका!"

फोन ठेवून वळलो, तर पोस्टातली सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. सगळ्यांत पुढं शिवप्पा उभा. सव्वीस डिगरी लागली म्हणून त्याच आठवड्यात मी त्याचा कॅन परत पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीपाशी बसलो होतो. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात सोसायटीचा लॅक्टोमीटर. नेमके त्याच वेळी आमचे चेअरमन हिंमतराव, शिवप्पा आणि आठ-दहा सभासद दारात हजर झाले.

"सेक्रेटरी, दूध कुठंय?" हिंमतरावांनी विचारलं.

"दूध नाही, समुद्र आहे," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं, पण ऐकताना मलाही पटलं नाही.

हिंमतरावांनी पेटीत बोट बुडवून चाटलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यावर शिवप्पा जास्तच भडकला. गावाला प्यायला टँकर आणि ह्यांनी पेटीभर पाणी खारट करून ठेवलंय, असा त्याचा मुद्दा. मुद्दा बिनतोड होता. मी ट्रेनिंग, कोचीन, प्रवाळ असं काहीबाही सांगू लागलो.

तेवढ्यात ही आतून आली. "माझ्या भावाचं जित्राब हाय ते," ती म्हणाली. "पाण्यावाचून चाललंय."

सगळे पुढं सरकून पेटीत वाकून बघू लागले. त्यातल्या निम्म्या लोकांची गुरं तेव्हा चारा छावणीत होती. शिवप्पा तर आदल्या दिवशीच म्हैस बांधून आला होता. तो पेटीसमोर उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला.

"खातं काय हे?" त्यानं विचारलं.

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "मुख्य म्हणजे ऊन."

"ऊन व्हय? मग हितं का मरंल ते? ऊन लई हाय."

त्या दिवसापासून माझ्या अंघोळीतला एक तांब्या पेटीत जाऊ लागला. नंतर दोन. (सोसायटीत माझ्याशेजारी बसणारे ज्ञानोबा खुर्ची जराशी लांब सरकवून बसू लागले.) दूध घालायला आलेली माणसं वाट वाकडी करून आमच्या खिडकीत डोकावायची आणि "कसं हाय आता?" असं घरातल्या आजाऱ्याचं विचारावं तसं विचारून जायची. आणि एका सकाळी हिनं मला गदागदा हलवून उठवलं. एक बोट ताठ झालं होतं. दुपारपर्यंत त्यावर फुलं उमलली. ही हसली, आणि मग पदर डोळ्यांना लावून थोडी रडलीही. मी पाठ फिरवून लॅक्टोमीटर पुसत राहिलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

व्यंकट परत आला तेव्हा सगळी बोटं उभी होती. त्यानं त्यातलं एक बोट अलगद कापून छोट्या दगडावर बसवलं आणि ताईला ठेवायला दिलं. तेही वाढतं म्हणे.

मी सुटलो असं मला वाटलं. मग सोसायटीची वार्षिक सभा आली. विषय संपत आले तेव्हा शिवप्पा उभा राहिला.

"ज्या डिगरीवर सेक्रेटरीसाहेबांच्या घरचा मुका जीव जगला," तो म्हणाला, "ती डिगरी आमच्या दुधाला का चालू नये?"

सभा खो खो हसली. हिंमतरावांनी चेहरा कसाबसा सरळ ठेवला आणि ठरावाच्या बाजूनं कोण, म्हणून हात वर करायला सांगितलं.

पहिला हात बायकांच्या रांगेतून वर झाला, हिचा. आमची म्हैस हिच्या नावावर, त्यामुळं सभासद हीच. आणि आमच्या म्हशीच्या दुधात, घरचंच म्हणून, मी कधी लॅक्टोमीटर बुडवला नव्हता.