आंबिलीचा बुधला

नाताळची सुट्टी लागली त्या संध्याकाळी पंचाक्षरी मास्तर घरी आले ते नवी पेठेतल्या औषधवाल्याकडचे सर्वांत मोठे बूच खिशात घालून. सोलापुरातल्या एका हायस्कुलात ते पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवीत. प्रत्येक संकटामागे कारण असते आणि कारण काढून टाकले की संकट टळते, अशी त्यांची श्रद्धा होती. बाकीच्या श्रद्धा त्यांनी विद्यार्थिदशेतच सोडल्या होत्या.

या खेपेचे संकट म्हणजे आंबील. दुसऱ्याच दिवशी वेळ अमावस्या, गावाकडची येळवस, होती. त्या दिवशी वळसंगच्या शेतात कडब्याची कोप उभारायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना ताक-ज्वारीच्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग ती पिकावर शिंपायची, असा घरचा रिवाज. गेल्या वर्षी आंबील मास्तरांच्या पत्नीने, शिवबाईंनी, केली होती. सासू गुरम्मांनी ती ओंजळीत घेऊन चाखली आणि एक शब्दही न बोलता उरलेली बैलांपुढे ओतली. बैल ती आवडीने प्याले, असे शिवबाईंचे म्हणणे. बैलांनीसुद्धा तोंड फिरवले, असे गुरम्मांचे. मास्तरांचे त्या वेळी बैलांकडे लक्ष नव्हते. या निष्काळजीपणाची शिक्षा ते वर्षभर भोगत होते, कारण तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि मधली तार मास्तर झाले होते.

त्यातच आईचा निरोप धाकट्या भावाने, शंकरप्पाने, कळवला होता : "अव्वा म्हनती, यंदा पांडवाम्होरं पुन्ना वाकडं झालं, तर रान वाटून घ्या अन् चुली येगळ्या मांडा." वडिलांमागे एकत्र राहिलेले घर आता एका आंबट पेयाच्या चवीवर येऊन ठेपले होते.

"आंबील वाटेत हिंदकळते, तिच्यात धूळ जाते, हवेतले जंतू जातात, म्हणून ती बिघडते," मास्तरांनी निदान सांगितले. "यंदा ती चिनी मातीच्या बुधल्यात जाईल. तोंड बंद करून."

"अवो, आंबील मडक्यात ऱ्हाती. तिला वारा लागतो," शिवबाई म्हणाल्या.

"मडक्याला सूक्ष्म छिद्रं असतात."

"मग मी काय म्हनतिया?"

मास्तरांनी बूच ठोकून बसवले, सुतळीने आवळले आणि वर मेण ओतले. आंबण्याच्या क्रियेत वायू निर्माण होतो, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तो धडा त्यांनी नुकताच शिकवला होता. परंतु थंडीत ती क्रिया मंदावते, हे वाक्यही त्याच धड्यात होते. मास्तरांनी डिसेंबरवर भिस्त ठेवली.

पहाटेच्या आगगाडीत, होटगीपर्यंत, बुधला त्यांच्या मांडीवर थंडगार बसून होता. होटगीला शंकरप्पा बैलगाडी घेऊन उभा होता.

"आना हिकडं, अण्णा. वैनीची आंबील माज्या गाडीत फुटली, तर वाटणी आजच व्हायची." त्याने बुधला कडब्यात खोल रुतवला आणि वर जाड घोंगडी पांघरली.

सोलापूरचा डिसेंबर पहाटेपुरताच असतो. वळसंगचे शेत आले तेव्हा बैलांना फेस आला होता आणि घोंगडीखाली हात घालवत नव्हता.

गुरम्मा कोपीपुढे बसल्या होत्या. "आलास व्हय, बाबा? बायकूबी आलीया वाटतं."

"त्यास्नी सांगा, आलीया म्हनावं," शिवबाई पदर सावरीत म्हणाल्या.

गुरम्मांची नजर बुधल्यावर गेली, बुचावरच्या मेणावर थांबली, आणि परत आली. "शंकरप्पा, ते चुलीजवळ ठेव. गारठली आसंल आंबील."

मास्तर तेव्हा पायातले जोडे काढीत होते. ते पूजेला आले तेव्हा मेणाला तडा गेला होता आणि सुतळी ताणून कडक झाली होती. त्यांनी बुधल्याला हात लावला. तो संपूर्ण धडा, थंडीचे वाक्य वगळून, त्यांच्या डोळ्यांपुढून सरकला.

"अव्वा, नैवेद्य थोडा मागून दाखवू. बुधला जरा सावलीत..."

"का रं? नासली?"

"नासली नाही. आत दाब वाढलाय."

"कुनाचा?"

"मी मडकं म्हनत व्हते," शिवबाई समोरच्या ज्वारीला म्हणाल्या.

"गेल्या साली बी कारनं व्हतीच," गुरम्मा पलीकडच्या करडईला म्हणाल्या.

"बोलू नगा कुनी! पांडव बसल्याती म्होरं!" वाटणीच्या धास्तीने घामाघूम झालेला शंकरप्पा ओरडला आणि मास्तर हात धरणार तोच त्याने विळ्याने सुतळी कापली.

तोफेसारखा आवाज झाला. बूच कुठे गेले ते कुणाला दिसले नाही. आंबिलीचा पांढरा खांब सरळ वर चढला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, आणि पाचही पांडवांवर, सासूवर आणि सुनेवर सारख्या प्रमाणात कोसळला. बैल दावे ताणून मागे सरकले. आपल्या वाट्याचे रान कोणते असेल, याचा मास्तर विचार करू लागले.

गुरम्मांनी ओठांवरून जीभ फिरवली. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"वाढायच्या आदीच घितली की देवांनी," त्या संथपणे म्हणाल्या. "माज्या हातची कदी घितली न्हाय अशी."

शंकरप्पाने जमिनीला डोके टेकले. मास्तरांना राहवले नाही. "अव्वा, हा केवळ वायूचा..."

"गप रं!" गुरम्मा म्हणाल्या.

"गप बसा तुमी!" त्याच क्षणी शिवबाई म्हणाल्या.

वर्षभरातले हे पहिले एकमत. शिवबाई पुढे सरकल्या आणि पदराने सासूचे तोंड पुसू लागल्या. "ताक ताजं व्हतं, अत्याबाई."

"व्हय गं. चव हाय तुज्या हाताला. तुजं बी डोस्कं भिजलंय बघ लई." बुधल्याच्या तळाशी उरलेली आंबील दोघींनी मिळून पिकावर शिंपली. वाटणीचा विषय कुणी काढला नाही.

परतीच्या वेळी गाडी जुंपली गेली तेव्हा गुरम्मांनी मास्तरांना बाजूला बोलावले आणि कनवटीतून काहीतरी काढून त्यांच्या हातावर ठेवले. ते बूच होते.

"अव्वा! तुला ठाऊक होतं?"

"तोंड बांदलेली आंबील फुगती, ह्ये कळाया हायस्कूल लागतंय व्हय? चुलीजवळ ठेव, आसं कुनी सांगिटलं?"

गुरम्मांनी सुनेकडे एकदा वळून पाहिले आणि आवाज आणखी खाली आणला.

"फुडल्या येळवसला मेन जरा कमी लाव. माज्या कानाला चाटून गेलं."