राक्षसाचा दुसरा हात

"राक्षसाला दोन हात कशाला?" कात्रीसाहेबांनी विचारलं.

कंपनीच्या तिजोरीच्या चाव्या त्यांच्याकडे आणि प्रत्येक खर्चाला कात्री, म्हणून हे नाव, अर्थात पाठीमागे. समोर बसलेल्या गेम डिझायनरने तीन वर्षं खपून हा राक्षस उभा केला होता. शेवटच्या लढाईत तोच नसेल, तर खेळणाऱ्याने एवढे डोंगर चढायचे कशाला?

"साहेब, एका हातात गदा, दुसऱ्यात ढाल."

"ढाल काढा, म्हणजे हातही वाचेल. शेपटी समोरून दिसते का? मग तीही काढा. आणि चेहऱ्याचे पैसे पुढच्या वर्षी."

आता बिनचेहऱ्याचा राक्षस चालवून बघायचा कसा? डिझायनरचं डोकं असं फिरलं, की त्याने कात्रीसाहेबांच्या ओळखपत्रावरचा फोटो उचलून राक्षसाच्या मानेवर चिकटवला. तात्पुरता. या धंद्यात काम अडू नये म्हणून असं पुष्कळ काही चिकटवतात आणि दाखवण्याआधी आठवणीने काढतात.

हा पठ्ठ्या विसरला.

सोमवारी कंपनीच्या मालकीणबाई आल्या. गेम आवडला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. बाई स्वतःच खेळायला बसल्या. डोंगर संपले, गुहेचं दार उघडलं आणि चष्मा लावलेले, भांग पाडलेले, एकाच हाताचे कात्रीसाहेब डरकाळी फोडत बाहेर आले.

बाईंनी क्षणभर पाहिलं आणि त्या तुटून पडल्या. सात वेळा हरल्या. आठव्यांदा त्यांनी बाह्या सरसावल्या.

"याला लोळवल्याशिवाय मी उठायची नाही!"

मागे बसलेले खरे कात्रीसाहेब उठून पडद्याजवळ गेले.

"हा मी आहे?"

"चुकून राहिलं, साहेब. आत्ता काढतो."

"खबरदार काढलंत तर!" साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "पण मला एकच हात का?"

"तुम्हीच कापलात, साहेब."

"आणि मागून किती भुंडा दिसतोय! शेपटी कुठाय?"

"तीही तुम्हीच."

साहेबांनी तिथल्या तिथे कागद मागवून सही ठोकली. हात, ढाल, शेपटी, सगळं मंजूर. मग डिझायनरच्या कानाशी येऊन म्हणाले, "सुळे जरा मोठे होतील का? खर्चाचं मी बघतो."

बाईंनी अकराव्या डावात राक्षस पाडला आणि गेम पास झाला. डिझायनरला इतका आनंद झाला, की त्याने शेजारच्या चित्रकार मुलीच्या टेबलावर तबलाच वाजवला. पुढच्या गेममध्ये त्याला एकशेवीस खोल्यांचा राजवाडा हवा होता.

"ए, मालकीणबाईंच्या बंगल्याचा फोटो आहे का गं तुझ्याकडे?" त्याने तिला विचारलं. "तात्पुरता लावू."